रस्ता कोणाचा, निधी कुठला, सही कोणाची? ग्रामीण विदर्भातल्या रस्ते आणि एसटीच्या कारभाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या अकराही जिल्ह्यांत गावकरी रस्त्यावरून भांडतात ते बहुतेक वेळा माणसाशी: सरपंचाशी, ठेकेदाराशी, फार झालं तर आमदाराशी. इथे जोर कागदावर आहे. सरकारी पैशातून होणाऱ्या कामावर टप्प्याटप्प्याला कोणी ना कोणी सही केलेली असते आणि ती सही पाहण्याचा हक्क आपल्याला आहे. प्रश्न लोक विचारतात तसेच ठेवले आहेत.

आमच्या गावचा रस्ता नेमका कोणाच्या ताब्यात आहे?

बाकी सगळं नंतर, आधी हे शोधा. चुकीच्या दारात दिलेला अर्ज "आमच्या अखत्यारीत येत नाही" एवढ्या एका ओळीवर परत येतो आणि तोवर पावसाळा संपलेला असतो.

राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा. त्याचं काम राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण बघतं किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाचा राष्ट्रीय महामार्गांचा वेगळा विभाग. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग (प्रजिमा) सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इतर जिल्हा मार्ग (इजिमा) आणि ग्रामीण मार्ग (ग्रामा) जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. गावठाणातला सिमेंट रस्ता आणि नाली ग्रामपंचायतीची. प्रधानमंत्री आणि मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेतले रस्ते महाराष्ट्र ग्रामीण रस्ते विकास संस्था करते, तिचा कार्यकारी अभियंता जिल्ह्याला बसतो.

किलोमीटरच्या दगडाकडेही बघा. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, नारिंगी असेल तर ग्रामसडक. दगडच नसेल तर जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात रस्त्यांची यादी असते, तिच्यात क्रमांक आणि लांबी सापडते.

एक घोळ विदर्भात नेहमीचा आहे. ग्रामीण रस्त्याची "दर्जोन्नती" होऊन तो प्रजिमा होतो, वर्तमानपत्रात फोटो येतो. मग जिल्हा परिषद म्हणते आमच्याकडून गेला, बांधकाम विभाग म्हणतो अजून ताब्यात आला नाही. अशा वेळी दोन्ही कार्यालयांना हस्तांतरणाच्या पत्राची प्रत मागा. ते पत्र झालेलंच नसेल, तर रस्ता अजून जुन्याच मालकाचा.

डांबर सहा महिन्यांत उखडलं. साहेब म्हणतात, इथली काळी माती खराब आहे. खरं का?

अर्धं खरं. कपाशीची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात आणि वरचा रस्ता तिच्यासोबत हलतो. वऱ्हाडात आणि वर्धा-नागपूरच्या कपाशीच्या पट्ट्यात हे वर्षानुवर्षांचं दुखणं आहे.

पण काळी माती काही कालपरवा विदर्भात आली नाही. अंदाजपत्रक तयार करताना मातीची चाचणी करायची असते. तिच्यानुसार मुरमाच्या थराची जाडी ठरते, मग खडीकरण, मग डांबर. पाणी बाजूला निघावं म्हणून रस्त्याला मधून उंची द्यायची, साइडपट्ट्या भरायच्या, दोन्हीकडे नाली काढायची. काटकसर करायची असली की पहिला बळी नालीचा जातो, कारण उद्घाटनाच्या फोटोत नाली दिसत नाही. मग शेतातलं पाणी रस्त्याच्या पोटात शिरतं आणि दोष मातीला लागतो. तेव्हा "माती खराब आहे" हे उत्तर मिळालं की पुढचा प्रश्न विचारा: माती तपासणीचा अहवाल कुठे आहे, आणि त्यानुसार मुरूम किती जाडीचा धरला होता?

मग कोणकोणते कागद मागायचे?

कामाच्या क्रमाने चला. आधी प्रशासकीय मान्यता (काम करायचं ठरलं आणि किती रकमेपर्यंत), मग तांत्रिक मान्यता आणि अंदाजपत्रक (काय, किती, कुठल्या दराने), मग निविदा आणि कार्यारंभ आदेश, ज्याला सगळे वर्क ऑर्डर म्हणतात. त्यात काम कधी संपवायचं ती तारीख असते. यानंतर खरा जीव असलेला कागद: मोजमाप पुस्तिका, म्हणजे एमबी. लांबी, रुंदी, जाडी मोजून अभियंता ती स्वतःच्या हाताने भरतो, सही करतो, वरिष्ठ अभियंता त्यातलं काही तपासून सही करतो, आणि तिच्यावरच बिल निघतं. त्याच्यासोबत गुणवत्ता चाचण्यांचे अहवाल, निघालेली देयके, काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि दोषदायित्व कालावधीची (बिघडलेलं काम ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची मुदत) तारीख मागा.

एवढं हातात आलं की मीटर-टेप घेऊन रस्त्यावर जा. रुंदी मोजायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही.

गिट्टी-मुरमाचा हिशेबही मांडून बघा. समजा १ किलोमीटर रस्ता आहे, रुंदी ३ मीटर, आणि एमबीत खडीचा दाबलेला थर ७५ मिलिमीटर लिहिला आहे. एकूण झाले २२५ घनमीटर. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर. त्या थराला जवळजवळ ८० ब्रास लागले, आणि दाबण्याआधीची सुटी गिट्टी त्याहून जास्तच. गौण खनिजावर ब्रासमागे शासनाचं स्वामित्वधन (रॉयल्टी) असतं, जुलै २०२१ पासून ते ६०० रुपये झालं. ठेकेदाराने त्याच्या पावत्या जोडायच्या असतात, नाहीतर ती रक्कम बिलातून कापली जाते. बिल ८० ब्रासच्या थराचं आणि पावत्या व कपात मिळून ३० ब्रासची निघाली, तर उरलेली गिट्टी एकतर चोरीची आहे नाहीतर पडलीच नाही. दोन्हीपैकी काहीही असो, उत्तर सही करणाऱ्याने द्यायचं आहे.

माहितीचा अर्ज कसा लिहायचा? वकील लागतो का?

नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली साध्या कागदावर अर्ज चालतो. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, दारिद्र्यरेषेखालील असाल तर फी नाही, दाखल्याची प्रत जोडा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून गावच्या सगळ्या तक्रारी एकात कोंबू नका. मजकूर एवढा पुरे:

"मौजा … ते मौजा … या रस्त्याच्या सुधारणेच्या कामाची (वर्ष …) पुढील कागदपत्रे पाहण्यासाठी उपलब्ध करून द्यावीत व मी निवडीन त्या पानांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात: प्रशासकीय व तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, चाचणी अहवाल, अदा केलेली देयके, स्वामित्वधनाच्या पावत्या."

"पाहण्यासाठी" हा शब्द मुद्दाम आहे. सगळ्या प्रती मागितल्या की पानामागे २ रुपयांप्रमाणे मोठं बिल हातात येतं आणि माणूस तिथेच थांबतो. आधी बघा, मग हवी तीच पानं घ्या. कायद्याच्या कलम २ मध्ये आणखी एक गोष्ट आहे जी फार कमी लोक वापरतात: चालू कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क. काम सुरू असतानाच तो वापरला तर वर्षभराने खड्डे मोजत बसावं लागत नाही.

अर्जात "भ्रष्टाचार", "लूट", "चौकशी करा" असं काही लिहू नका. माहिती अधिकारी चौकशी करत नाही, कागद देतो. "का" विचारलं तर उत्तर टाळता येतं, "प्रत द्या" म्हटलं की टाळणं अवघड जातं.

तीस दिवस झाले, उत्तर नाही. आता?

त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करा, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. त्यांनी ३०, फार तर ४५ दिवसांत निकाल द्यायचा असतो. तिथेही काही झालं नाही तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोगाची खंडपीठं नागपूरला आणि अमरावतीला आहेत, मुंबईला जायची गरज नाही. माहिती विनाकारण दडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपयांप्रमाणे २५ हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

खरं सांगायचं तर दुसऱ्या अपिलाची तारीख लवकर लागत नाही. म्हणून सगळी ताकद पहिल्या अपिलाच्या सुनावणीत लावा. जा, सोबत दोन माणसं न्या. बऱ्याचदा कागद त्या दिवशी टेबलावरच सापडतात. "ठेकेदार त्रयस्थ पक्ष आहे, त्याची हरकत आहे" हे कारण आलं तर घाबरू नका. हरकत ऐकून घेणं वेगळं आणि माहिती नाकारणं वेगळं. सरकारी पैशातून निघालेलं बिल हे कोणाचं घरगुती गुपित नाही.

नारळ फुटला, फलक लागला, दीड वर्ष झालं. काम का सुरू होत नाही?

कारण "मंजूर" आणि "निधी आला" या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, आणि फलकावर पहिलीच लिहिलेली असते. पुष्कळ कामं अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत (अर्थसंकल्पानंतर मागितलेला जादा निधी) नाममात्र तरतुदीने घुसवली जातात. नाव यादीत येतं, भूमिपूजन होतं, पैसा थेंबाथेंबाने येतो. जुनीच देयके थकलेला ठेकेदार नव्या कामाला हात लावत नाही, आणि यात त्याची चूक काढणंही कठीण आहे.

म्हणून लेखाशीर्ष विचारा, म्हणजे सरकारी हिशेबात पैसा कुठल्या खात्यातून येतो त्याचा क्रमांक. ३०५४ म्हणजे रस्ते-पुलांची देखभाल-दुरुस्ती, ५०५४ म्हणजे नवीन भांडवली काम, आणि २५१५ म्हणजे ग्रामविकास विभागाकडून लोकप्रतिनिधींच्या शिफारशीने येणारी गावातली कामं. आमदारांचा स्थानिक विकास निधी यापेक्षा वेगळा, वर्षाला ५ कोटी, खासदारांचाही तेवढाच. प्रश्न असा विचारा: या कामासाठी कुठल्या लेखाशीर्षाखाली, कुठल्या वर्षी, किती तरतूद झाली आणि त्यातली किती वितरित झाली? पुरवणी मागण्यांचा मोठा गठ्ठा डिसेंबरात नागपूरच्याच हिवाळी अधिवेशनात येतो. मोर्चा काढायचाच असेल तर तो गठ्ठा हातात धरून काढा.

मार्च महिन्यात कुठेही अचानक डांबर पडताना दिसलं तर तारीख टाकलेले फोटो काढून ठेवा. ३१ मार्चच्या आधी निधी खर्ची पाडायच्या घाईत अर्धवट कामाचं पूर्ण मोजमाप लिहिलं जाण्याचा धोका सर्वांत जास्त असतो.

जिल्हा नियोजन समितीत आपल्या गावाचं काय होतं ते कसं कळेल?

पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव. १९९८च्या कायद्याने ही समिती आली ती खालून वर नियोजन व्हावं म्हणून. प्रत्यक्षात बैठक संपताना यादी "मंजूर" होते. बैठकीचं इतिवृत्त आणि तालुकानिहाय कामांची यादी जिल्हा नियोजन अधिकाऱ्याकडे मागा. दोन-तीन वर्षांच्या याद्या शेजारी ठेवल्या की कुठल्या गावाला तोच रस्ता पुन्हा पुन्हा मिळतो आणि कुठलं गाव कधीच येत नाही, ते शाळकरी पोरगंही सांगेल.

ग्रामसभेचा ठराव घेऊन काही होतं का?

नुसता ठराव फाइलीत झोपतो. पण ठराव जोडलेला अर्ज एकट्या माणसाचा राहत नाही, हा त्याचा मोठा फायदा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या सभांची संधी सोडू नका.

गडचिरोली आणि मेळघाटात ठरावाला कायद्याचं वजन आहे. वनहक्क कायदा, २००६च्या कलम ३(२) प्रमाणे गावासाठी लागणाऱ्या रस्त्यासारख्या सोयीला १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने देता येते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागत नसतील तर. "जंगल आहे म्हणून रस्ता होत नाही" असं कोणी म्हटलं तर या कलमाखाली प्रस्ताव कधी पाठवला ते विचारा. गडचिरोलीत पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं हे दरवर्षी बातम्यांत येतं. त्याच जिल्ह्यात अहेरीहून गर्देवाडा गावापर्यंत एसटी पोहोचायला १ जानेवारी २०२५ उजाडावं लागलं.

आमच्या गावची एसटी फेरी बंद केली. कोणाला विचारायचं?

आगार व्यवस्थापकाला लेखी, प्रत जिल्ह्याच्या विभाग नियंत्रकाला. महामंडळ माहिती अधिकाराखाली येतं, हे लक्षात ठेवा.

तोंडी उत्तर बहुधा तीनपैकी एक असतं: भारमान (गाडी किती भरते) कमी आहे, गाड्या नाहीत, रस्ता खराब आहे. तिन्हींचा कागद असतो. भारमान म्हटलं तर त्या फेरीचे मागच्या वर्षाचे महिनावार आकडे मागा, आणि वेळही तपासा. शाळा साडेदहाची आणि गाडी साडेअकराची, अशी फेरी रिकामीच धावणार. ती आधी चुकीच्या वेळेला लावायची आणि मग रिकामी म्हणून बंद करायची, हा प्रकार नवा नाही. शिवाय १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. सवलतीचा भार शासनाने महामंडळाला भरून द्यायचा असतो. तेव्हा "सवलतवालेच जास्त बसतात" हे फेरी बंद करायचं कारण होऊ शकत नाही.

गाड्या नाहीत म्हटलं तर मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्यांचं वेळापत्रक मागा. त्या गाड्या शाळेत जाणाऱ्या मुलींसाठी दिल्या आहेत. त्या दुसऱ्याच मार्गावर धावत असतील तर मुख्याध्यापकांचं पत्र जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे जा.

आणि "रस्ता खराब" हे उत्तर मिळालं तर ते आवर्जून लेखी घ्या. एका सरकारी यंत्रणेने दुसरीचा रस्ता वाहतुकीला नालायक ठरवल्याचं ते पत्र असतं. जिल्हा परिषदेपुढे ते ठेवलं की "किरकोळ खड्डे आहेत" असं म्हणायची सोय राहत नाही.

मुक्कामी गाडी बंद झाली की गाव काळीपिवळीच्या हवाली होतं. बारावीची पोरगी रोज टपावर लटकलेल्या गर्दीतून तालुक्याला जाईल की घरी बसेल, हे त्या दिवशी आगारातल्या एका सहीने ठरतं. असा निर्णय घेण्याआधी ग्रामपंचायतीला कळवण्याची पद्धत असायला हवी, असं माझं मत आहे.

समृद्धीला पैसा आहे, आमच्या नाल्यावरच्या रपट्याला नाही. असं कसं?

दोन्ही खिसे वेगळे आहेत, हे आधी मान्य करू. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग राज्य रस्ते विकास महामंडळाने केला, त्यासाठी कर्ज काढलं, पथकर लावला. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि शेवटचा इगतपुरीचा टप्पा ५ जून २०२५ला खुला झाला. वर्ध्यातल्या पवनारहून निघून गोव्याच्या सीमेवर जाणाऱ्या, त्या वेळच्या आखणीप्रमाणे ८०२ किलोमीटरच्या, शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादनासाठी जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने वीस हजार कोटींहून अधिक रकमेला मान्यता दिली.

पण एक उत्तर यातून मिळतं. मनावर घेतलं तर हेच प्रशासन जमीन मोजतं, मोबदला वाटतं आणि नदी-नाले ओलांडतं. म्हणून रपट्याच्या बाबतीत "तांत्रिक अडचण" हे कारण ऐकताना थोडं थांबा. मोठ्या महामार्गांच्या कामासाठी धावलेल्या टिप्परांनी तुमचा ग्रामीण रस्ता मोडला असेल, तर तो पूर्ववत करण्याची जबाबदारी कोणावर टाकली होती ते करारात आणि जिल्हा परिषदेच्या पत्रव्यवहारात शोधा.

कोळसा आणि लोहखनिजाच्या ट्रकांनी रस्ता संपवला. नुकसान कोण भरणार?

वणी, घुग्घुस, बल्लारपूर, सुरजागडकडची ही रोजची कहाणी. खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान असतं, खाणवाल्यांच्या पैशातून बाधित गावांसाठी चालणारं. त्याच्या निधीतला मोठा हिस्सा पाणी, आरोग्य, शिक्षणासाठी राखीव आहे, उरलेल्यातून रस्ते-पूल करता येतात. बाधित गावांची यादी आणि वर्षवार मंजूर कामं मागा. खाणीपासून दूरच्या मतदारसंघात सभागृह बांधलेलं सापडलं तर तिथून पुढे बोला. जास्त भार भरलेल्या गाड्यांची तक्रार मात्र परिवहन कार्यालयाकडे.

वर्धा-नांदेड रेल्वेचं काय?

रेल्वे केंद्राची, त्यामुळे अर्जही केंद्राच्या नियमांनी आणि पोस्टल ऑर्डरने. २८४ किलोमीटरचा हा मार्ग २००८-०९ मध्ये मंजूर झाला, त्यातला वर्धा ते कळंब हा तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. दरवर्षी किती रक्कम ठेवली आणि किती खर्च झाली ते रेल्वे अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांत असतं. यवतमाळकरांनी एवढं एकच विचारत राहावं.

शेजाऱ्याने पांदण अडवली आहे. तेही इथेच येतं का?

ते तहसीलदाराकडे. असलेली वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६च्या कलम ५ खाली, अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत. वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो.

विदर्भाचा रस्त्यांचा अनुशेष भरून निघाला की नाही?

दांडेकर समितीने १९८४ मध्ये प्रदेशांमधली तफावत मोजली, त्यात रस्तेही होते. संविधानाच्या कलम ३७१(२) खाली १९९४ मध्ये विदर्भ विकास मंडळ आलं, राज्यपाल निधीवाटपाचे निर्देश देऊ लागले. ३० एप्रिल २०२०ला मंडळाची मुदत संपली. त्याने फार काही साधलं नाही अशी टीका होती आणि तीत तथ्य आहे, पण प्रदेशाच्या वाट्याचा हिशेब विचारायला एक ठरलेली जागा होती. मुदत संपली ती जागाही गेली.

ठेकेदार गावातलाच आहे, वर सरपंचाचा नातेवाईक. अर्ज केला तर त्रास होईल ना?

होऊ शकतो, उगाच धीर देण्यात अर्थ नाही. म्हणून एकट्याने करू नका. त्याच रस्त्याचे वेगवेगळे कागद वेगवेगळ्या चार-पाच जणांनी मागा, त्यात दोन बचत गटाच्या बाया असल्या तर उत्तम. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. गावात बोलताना माणसाचं नाव घेऊ नका, कामाचं नाव घ्या. धमकी आली तर लगेच लेखी तक्रार द्या. पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

खड्ड्यामुळे अपघात झाला तर भरपाई मिळते का?

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. पोलीस पंचनाम्यात खड्ड्याचा उल्लेख करून घ्या, फोटो काढा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथला सल्ला फुकट असतो.

कागद मिळाले, गडबड दिसते आहे. आता कुठे जायचं?

दोषदायित्व कालावधी चालू असेल तर सर्वांत आधी कार्यकारी अभियंत्याला लिहा की ठेकेदाराकडून त्याच्या खर्चाने दुरुस्ती करून घ्यावी, तोवर अनामत सोडू नये. प्रधानमंत्री ग्रामसडकचा रस्ता असेल तर करारातच पाच वर्षांची देखभाल असते, आणि 'मेरी सडक' ॲपवर फोटोसह तक्रार करता येते. राज्य आणि राष्ट्रीय गुणवत्ता निरीक्षकांचे अहवालही त्याच योजनेत असतात, तेही मागा.

मग लोकशाही दिन, ज्या दिवशी अधिकारी तक्रारी समोरासमोर ऐकतात: तालुक्याचा तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी. जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतींचं स्थानिक निधी लेखापरीक्षण होतं, त्यातल्या आक्षेपांची प्रत मागितली तर कधीकधी आपलंच काम तिथे आधीच नोंदलेलं सापडतं. विधिमंडळाची पंचायत राज समिती जिल्ह्याच्या दौऱ्यावर आली की तिला निवेदन द्या, समितीपुढे अधिकाऱ्यांना साक्ष द्यावी लागते. एवढं करूनही हलत नसेल तर लोकायुक्तांकडे तक्रार जाते. तिथे शपथपत्र लागतं, म्हणून एमबीची प्रत आणि टेपने घेतलेली तुमची मोजमापं एकाच तक्त्यात मांडून जोडा.